लांबच्या प्रवासाला स्टोव्ह घ्यायचाय, पण इंधन कुठलं?

पायवाट
दोघं जण सायकलींवर निघतोय, पाच-सहा महिन्यांचा बेत आहे. देश बदलत जाणार, मध्ये एक उंच, थंड पठार लागणार आणि एके ठिकाणी विमान चुकत नाही. तंबू, झोपायच्या पिशव्या, पंक्चरचं सामान सगळं ठरलं. गाडं अडलंय ते स्टोव्हपाशी, खरं तर इंधनापाशी. गॅसचे डबे, स्पिरिट, रॉकेल, पेट्रोल, काटक्या, त्या पांढऱ्या वड्या... वाचावं तितका गोंधळ वाढतो, कारण जो तो आपल्याच चुलीची आरती ओवाळतो.
आमची गरज अशी: सकाळी गरम पाणी, संध्याकाळी काहीतरी साधं शिजवणं. स्वयंपाकाची हौस दोघांनाही नाही. वजन थोडं इकडेतिकडे चालेल, पण संध्याकाळी दमून बसल्यावर स्टोव्हशी कुस्ती खेळायची नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

उनाड_वारा
कुस्ती नको असेल तर गॅस. डब्यावर बर्नर फिरवायचा, काडी लावायची, झालं. काजळी नाही, सांडलवंड नाही, ज्योत हवी तेवढी बारीक करता येते. बर्नरचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, मुठीत मावतो. आट्यांचे डबे ईएन ४१७ या युरोपीय मानकाप्रमाणे बनतात, म्हणजे एका कंपनीचा बर्नर दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर बसतो. बाकीचे लोक आता रॉकेलची महती सांगायला येतीलच, त्यांचं ऐकून घ्या आणि गॅस घ्या.

जुना_पंप
आलोच. :)

तिरपा_चौक
उनाडराव, ईएन ४१७ चं अर्धंच सांगितलंत. आट्यांच्या डब्यांपुरतं ते खरं, पण बाजारात दुसरे प्रकारही आहेत. काहींना आटे नसतात, चाप लावून बसतात. काही भोसकायचे असतात, एकदा स्टोव्ह बसवला की डबा संपेपर्यंत काढता येत नाही. आणि टेबलावरच्या शेगडीत आडवे बसणारे लांबट डबे वेगळेच, त्यांच्या तोंडाला खाच असते. पायवाट यांचे देश बदलणार आहेत. एका देशात आट्यांचा डबा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, पुढच्या देशात फक्त लांबटच मिळतो. दोन्हींमधले जोडतुकडे मिळतात, वजनाला किरकोळ असतात. गॅस नेणारच असाल तर एखादा बरोबर असू द्या.

दुसरी गोष्ट थंडीची. डब्यात गॅस द्रवरूपात असतो आणि उकळून वर आला तरच जळतो. साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. म्हणजे निव्वळ ब्युटेनचा डबा गोठणबिंदूजवळच मान टाकतो. बर्नर चालायला बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त दाब लागतो, म्हणून व्यवहारात त्याच्याही आधीच ज्योत मरगळते. त्यात जळताना उकळणारा गॅस डब्यातलीच उष्णता खातो. चांगल्या हवेतसुद्धा डबा हाताला गार लागतो, बाहेरून दव धरतं, ते याचमुळे.
थंडीसाठीच्या मिश्रणात प्रोपेन असतो खरा, पण तो आधी उडून जातो. डबा अर्ध्यावर आला की मागे जड गॅस उरतो. 'नवीन असताना मस्त चालला, नंतर रडायला लागला' ही तक्रार ऐकू येते तिचं कारण हे.

पायवाट
हे कामाचं निघालं. मग सगळा प्रोपेनच का भरत नाहीत?

तिरपा_चौक
दाबामुळे. प्रोपेन झेलायला जाड पत्र्याची बाटली लागते. ती पाठीवर किंवा सायकलवर कोण वाहणार? म्हणून पातळ डब्यात प्रोपेनचं प्रमाण बेताचंच ठेवतात.
एक उलटी गंमत सांगतो. उंचीवर गॅसचं तितकं वाईट होत नाही. ५००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो, त्यामुळे साधा ब्युटेनही उणे १५-१६ च्या आसपास उकळायला लागतो. पठारावर उंची आणि थंडी एकत्र असतात, त्यातली उंची तुमच्या बाजूने असते.

उनाड_वारा
आणि थंडीवर उपाय आहेत हो. डबा रात्री झोपायच्या पिशवीत घ्यायचा. स्वयंपाकाच्या वेळी उथळ ताटलीत कोमट पाणी घालून डबा त्यात उभा करायचा. नुसतं गार पाणी असलं तरी फरक पडतो, पाणी गोठलेलं नाही म्हणजे ते शून्याच्या वरच आहे ना. नळीवाला स्टोव्ह असेल आणि त्याची नळी ज्योतीतून तापून जात असेल तर डबा उलटा करायचा. मग द्रवच नळीत उतरतो, तिथे तापून त्याचा वायू होतो आणि प्रोपेन आधी संपायची भानगडच राहत नाही. मात्र पेटवताना डबा सुलटा ठेवा आणि नळी तापल्यावरच उलटा करा, नाहीतर भडका.

काजवा
तुम्ही सगळे दाब, झडपा, नळ्या यांत अडकलात. माझ्या स्टोव्हमध्ये हलणारा एकही भाग नाही. पितळी वाटी, त्यात स्पिरिट ओतायचं, काडी लावायची. मोडायला काही नाही, पिन मारायला नको, वायसर बदलायला नको, आवाजसुद्धा नाही. ट्रॅन्गिया ही स्वीडिश कंपनी १९५१ पासून वाटी, आडोसा आणि भांडी एकात एक बसणारा संच विकते आहे, आणि त्याचा आराखडा आजही फारसा बदललेला नाही. स्पिरिट औषधाच्या दुकानात, रंगाच्या दुकानात, हार्डवेअरमध्ये, कुठे ना कुठे सापडतंच. सांडलं तर उडून जातं, सामानाला वास राहत नाही.
तोटे मीच सांगते, म्हणजे दुसऱ्यांचे श्रम वाचतील. पाणी उकळायला वेळ लागतो. आच बारीक करायला वर झाकणाची कडी ठेवावी लागते, आणि ती बसवताना बोटं सांभाळावी लागतात. ज्योत उन्हात दिसत नाही. वाटी विझली असं समजून कुणी वरून स्पिरिट ओतलं तर ज्योत धारेवरून बाटलीपर्यंत चढते. स्पिरिटचे वाईट अपघात बहुतेक याच एका कारणाने होतात. वाटी संपली की झाकण ठेवा, थंड होऊ द्या, हात जवळ नेऊन बघा आणि मगच ओता. घाई असेल तर गॅसवाल्यांकडे जा.

ढगातला
काजवाताई, एक भर. स्पिरिट म्हणून जे मिळतं त्यात काही ठिकाणी मिथेनॉल चांगलंच असतं. ते नुसतं प्यायल्यानेच बाधतं असं नाही, कातडीतून आणि वाफेतूनही अंगात जातं. बाटलीवरचं वाचून इथेनॉल जास्त असलेलं घ्या. जखमेला लावायचं आयसोप्रोपिल मिळालं तर तेही जळतं, पण पिवळ्या ज्योतीने, आणि भांडं काळंकुट्ट होतं.

काजवा
सहमत. इथेनॉलनेही थोडी काजळी धरते. त्यात दहाव्या हिश्श्याइतकं पाणी घातलं की बरीच कमी होते.

जुना_पंप
आता माझी पाळी.
पायवाट, तुमचा प्रश्न उलटा करून बघा. 'कुठलं इंधन चांगलं' हे विचारूच नका. वाटेवरचा सगळ्यात उजाड टप्पा कुठला आणि तिथल्या शेवटच्या वस्तीत काय मिळतं, ते विचारा. जे मिळतं ते तुमचं इंधन, आणि ते जाळणारा स्टोव्ह तुमचा स्टोव्ह. शनिवार-रविवारच्या भटकंतीला घरून इंधन नेता येतं, म्हणून तिथे गॅस की स्पिरिट हा आवडीनिवडीचा मामला. पाच-सहा महिन्यांत ते पंधरावीस वेळा वाटेतच विकत घ्यावं लागणार. गॅसचा डबा मिळतो तो डोंगर चढणाऱ्यांची, पर्यटकांची ये-जा असते तिथे. पेट्रोल मात्र जिथे मोटारसायकल पोचते तिथे पोचतं. दुकान नसलं तरी कुणाच्या तरी टाकीत असतं.

म्हणून माझं मत: द्रव इंधनावर चालणारा, पंपाच्या बाटलीचा, अनेक इंधनं चालणारा स्टोव्ह घ्या. त्यातही अशा घडणीचा घ्या की त्याच नळीला गॅसचा डबाही लागेल. असे स्टोव्ह मिळतात. जिथे डबा मिळेल तिथे गॅसवर चैन करा, नसेल तिथे पेट्रोल.

रॉकेलबद्दल माझा जीव तुटतो, पण खरं सांगतो. ते इंधन म्हणून सगळ्यात सुरक्षित. ३८ अंशांच्या खाली त्याची वाफ पेट घेण्याइतकी जमत नाही, उलट पेट्रोलची उणे ४० च्या आसपासही जमते. रॉकेलमध्ये पेटती काडी पडली तर बहुधा विझेल, पेट्रोलबाबत असला प्रयोग कुणी करू नये. पण वीज आणि गॅस जाईल तिथून किरकोळ विक्रीचं रॉकेल हळूहळू नाहीसं होत चाललंय. मिळालं तर जाळा, त्याच्या भरवशावर निघू नका. डिझेल शेवटचा उपाय: जळतं, पण धुरकट, आणि बर्नर दर दोन दिवसांनी साफ करायची तयारी ठेवा.
सगळ्यात सरस म्हणजे स्टोव्हसाठी शुद्ध केलेलं पांढरं पेट्रोल. ते स्वच्छ जळतं, जेट (बर्नरमधलं बारीक भोकाचं तोंड) तुंबत नाही. पण ते काही मोजक्याच देशांत सहज मिळतं.

इंधन बदललं की जेट बदलायचं. पातळ आणि लवकर उडणाऱ्या इंधनाला मोठं भोक, जड इंधनाला बारीक. एका प्रसिद्ध स्वीडिश स्टोव्हबरोबर तीन जेट येतात: गॅसला ०.४५ मिमी, पेट्रोलला ०.३७, रॉकेल-डिझेलला ०.२८. आकडे जेटवरच कोरलेले असतात, पण इतके बारीक की संध्याकाळच्या उजेडात डोळे फुटतात. दिवसा बदला, आणि खाली रुमाल पसरून. गवतात पडलेलं जेट पुन्हा सापडत नाही.

आणि ठळक अक्षरांत वाचा: फक्त रॉकेलसाठी बनवलेल्या जुन्या पितळी स्टोव्हमध्ये पेट्रोल कधीही भरू नका. त्याची टाकी बर्नरच्या बुडाशीच असते. ती तापते, पेट्रोलची वाफ होते, दाब चढत जातो, पुढचं सांगायला नको.

रानवेडी
काटक्यांचं कुणी बोलेना म्हणून मीच. दुहेरी भिंतीचा छोटा डबा, खालून हवा, वरून पुन्हा हवा, त्यामुळे धूरही जळून जातो. इंधनाचं वजन शून्य. झाडं असतील आणि पाऊस नसेल तर संध्याकाळ मजेत जाते. पण तुमच्या उंच पठारावर झाडंच नसणार, आणि कोरड्या हंगामात पुष्कळ रानांत उघड्या आगीला बंदी असते. अशा बंदीत कित्येकदा झडप बंद करून झटकन विझवता येईल असाच स्टोव्ह चालतो, म्हणजे गॅस किंवा पंपाचा. काटक्या आणि काजवाताईंचं स्पिरिट दोन्ही बाद. मुख्य स्टोव्ह म्हणून मी सुचवणार नाही, जोडीला ठेवा.

खडतर
पांढऱ्या वड्यांचं दोन ओळींत सांगतो. हेक्सामिनच्या असतात, १९३६ पासून जर्मन बनावटीच्या मिळतात. १४ ग्रॅमच्या वडीत अर्धा लिटर पाणी जेमतेम उकळतं, वाऱ्यात तेही नाही. भांड्याच्या बुडाला चिकट तपकिरी थर बसतो आणि वास असा की वड्या कपड्यांच्या पिशवीत टाकायची सोय नाही. अडीअडचणीला चार ठेवा, पाच-सहा महिने त्यांच्यावर काढू नका.

पायवाट
जुना_पंप, प्रश्न उलटा करून मिळाल्यावर निम्मं डोकं हलकं झालं. आता हिशोब. आम्हाला दिवसाला साधारण तीन लिटर पाणी उकळण्याइतकी आच लागेल. किती इंधन धरावं?

तिरपा_चौक
हा माझा प्रांत. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला ३३५ किलोज्यूल लागतात. गॅसच्या एका किलोत साधारण ४६ मेगाज्यूल असतात. म्हणजे सगळी उष्णता भांड्यात गेली तर लिटरला ७ ग्रॅम पुरावेत. पण निम्मी तरी बाजूने निसटते, म्हणून १५ धरा, वाऱ्यात २०. तुमच्या तीन लिटरना रोज ४५ ते ६० ग्रॅम. २३० ग्रॅमचा डबा चार-पाच दिवस जाईल, आणि प्रत्येक डब्यामागे दीडशे ग्रॅमच्या आसपास रिकामा पत्राही वाहावा लागेल.
पेट्रोलच्या लिटरमध्ये ३२ च्या आसपास मेगाज्यूल. उकळायच्या प्रत्येक लिटरला २३-२५ मिली, शिवाय बर्नर तापवायला थोडं. दिवसाला ८०-९० मिली धरलं तर एक लिटर अकरा-बारा दिवस. रॉकेल किंचित जास्त पुरतं.
स्पिरिटमध्ये लिटरला २१ मेगाज्यूलच, तेही शुद्ध असेल तर. दिवसाला ११०-१२० मिली, म्हणजे लिटर आठ-नऊ दिवस. काजवाताईंचा स्टोव्ह हलका आहे, पण लांब टप्प्यावर तो हलकेपणा बाटलीतल्या स्पिरिटमध्ये परत फेडावा लागतो. दोन-तीन दिवसांनी गाव येत असेल तर स्पिरिटसारखं सोपं काही नाही.

हे सगळे आकडे २० अंशांच्या पाण्याचे. पठारावर बर्फ वितळवून पाणी करायची वेळ आली तर सगळं दुपटीच्या वर. शून्य अंशाच्या बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायलाच किलोला ३३४ किलोज्यूल जातात, जेवढ्यात तुमचं लिटरभर पाणी उकळलं असतं. वितळवताना भांड्याच्या तळाशी थोडं पाणी आधीपासून ठेवा, कोरडा बर्फ टाकलात तर बुड करपतं आणि पाण्याला जळका वास येतो.
उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंशाने कमी. ४५०० मीटरवर ८५ अंशांच्या आसपासच. नुसतं पाणी उकळायला त्याने काही बिघडत नाही, पण शिजायला फार वेळ लागतो आणि इंधन तिथे संपतं. धान्य आधी भिजवा, एक उकळी आणा, मग भांडं जाड कपड्यात गुंडाळून ठेवून द्या. फुकटात शिजतं.

खडतर
आणि झाकण! झाकणाशिवाय पाणी उकळणाऱ्यांनी या हिशोबात पडूच नये.

उनाड_वारा
वाऱ्याला आडोसा म्हणून ॲल्युमिनियमचा पत्रा सगळीकडून गुंडाळला तर गॅसही वाचतो.

जुना_पंप
नको! थेट डब्यावर बसणारा बर्नर असेल तर आडोसा सगळीकडून गुंडाळायचा नाही. उष्णता खाली डब्यावर परतते आणि डबा फुटतो. नळीवाला स्टोव्ह असेल, डबा किंवा बाटली आडोशाच्या बाहेर असेल, तर खुशाल पूर्ण वेढा घाला. डब्याला मधूनमधून हात लावून बघायची सवय ठेवा. गार लागला तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर ताबडतोब बंद.

ढगातला
आडोशावरून आठवलं. वारा सुटला, पाऊस आला की स्टोव्ह तंबूत घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. आगीचा धोका दिसतो तरी, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि उंचीवर हीच लक्षणं विरळ हवेचीही असतात, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. ज्योत भांड्याच्या गार बुडाला चिकटून जळाली की हा वायू जास्त निघतो, आणि बर्फ वितळवताना नेमकं तेच होतं. अगदी इलाजच नसेल तर तंबूच्या बाहेरच्या पडवीत, दार उघडं टाकून, आणि तेही ज्योत निळी आणि स्थिर झाल्यावर. पंपाचा स्टोव्ह मात्र पेटवताना बाहेरच. तापेपर्यंत त्याची ज्योत हातभर उठते आणि तंबूचं कापड एका झटक्यात वितळतं.

सावली
हातभर ज्योत वाचून मी तर वड्याच घेणार. :D

जुना_पंप
सावली, ती हातभर ज्योत पेट्रोलनेच तापवणाऱ्यांची. छोट्या बाटलीत स्पिरिट ठेवा, बर्नरखालच्या वाटीत चमचाभर ओता, पेटवा. ते संपत आलं, शेवटची निळी जीभ हलत असली, की झडप हळूच उघडा. 'फर्र' आवाज धरला की झालं. पिवळ्या ज्योती थुंकत असेल तर अजून तापलेला नाही, बंद करून पुन्हा तापवा. दोन-चारदा केलं की हात बसतो.

गारवा
पेट्रोलच्या धुराचं काय? त्यात शिसं असतं ना, त्यावर शिजवायचं?

तिरपा_चौक
शिशाची भीती आता जुनी झाली. मोटारींसाठी शिसं घातलेलं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथेही २०२१ च्या जुलैमध्ये ते बंद झालं. पण त्यात बेंझीन आणि बाकीची मिश्रणं असतातच, तेव्हा वाफ हुंगू नका, हातावर सांडलं तर साबणाने धुवा. जेट जास्त तुंबतं तेही त्या मिश्रणांमुळेच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जाळायला हरकत नाही, फक्त बाटलीत महिनोन् महिने पडू देऊ नका.

खडतर
पंपावर पेट्रोल घेताना दोन अडचणी येतात. काही देशांत कुठल्याही बाटलीत भरून देत नाहीत, मान्यताप्राप्त डबाच लागतो. आणि पंपाची नळी जाडजूड असते, अर्धा लिटर भरताना फवारा अंगावर येतो. रांगेतल्या मोटारसायकलवाल्याला विनंती करा, त्याच्या टाकीतून नळीने काढून घ्या. बरोबर छोटं नरसाळं आणि गाळायला दाट विणीचं कापड ठेवा. गंज आणि कचरा जेटपर्यंत गेला की पिन मारत बसावं लागतं. आणि बाटली खुणेच्या वर भरू नका, वर हवेला जागा नसेल तर पंप मारून उपयोग नाही आणि उन्हात धोका वेगळाच.

रानवेडी
नावांचंही बघा. ब्रिटनमध्ये पॅराफिन म्हणजे रॉकेल, अमेरिकेत पॅराफिन म्हणजे मेण. जर्मनीत बेंझिन मागितलंत तर पेट्रोल मिळेल आणि पेट्रोलियम मागितलंत तर रॉकेल. स्पिरिट फ्रान्समध्ये 'आल्कूल आ ब्रुले', स्पेनमध्ये 'आल्कोओल दे केमार'. शंका असेल तर थेंबभर कागदावर टाका. पेट्रोल आणि स्पिरिट भराभर उडतात, वासाने वेगळे कळतात. रॉकेल तेलकट डाग ठेवतं.

तिरपा_चौक
अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. रॉकेलचा धूर न करणारा पंपाचा स्टोव्ह १८९२ मध्ये स्वीडनमध्ये आला, लिंडक्विस्ट यांचा प्रायमस. १९११ मध्ये अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला तो प्रायमस घेऊन, आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही प्रायमसच होता. अमुंडसेनने आपले रॉकेलचे डबे डाख देऊन बंद केले होते. त्याच वेळी ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश स्कॉटच्या डब्यांना चामड्याचे वायसर होते. १९१२ मध्ये परतीच्या वाटेवर त्याच्या तुकडीला साठ्यांमधले डबे अर्धवट भरलेले सापडले, तेल झिरपून उडून गेलं होतं. इंधन नाही म्हणजे नुसतं गरम जेवण नाही असं नव्हे, त्या मुलखात प्यायचं पाणीही नाही.
पायवाट, बाटलीच्या बुचाचं आणि पंपाचं रबरी कडं निघण्याआधी बघा, आणि जादा दोन ठेवा. वजन काहीच नाही.

पायवाट
आता फक्त विमान राहिलं.

खडतर
गॅसचा डबा कुठल्याच सामानात चालत नाही, रिकामा झालाय म्हणालात तरी नाही. उतरल्यावर नवा घ्या. वापरलेला स्टोव्ह आणि द्रव इंधनाची बाटली यांना आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात मुभा आहे, पण चेक-इन सामानात आणि विमान कंपनीच्या मंजुरीने. बाटली निदान तासभर उपडी ठेवून निथळवायची, मग निदान सहा तास बूच काढून उघडी ठेवायची. नाहीतर आत खायचं तेल घालून हलवायचं, म्हणजे उरलेलं इंधन सहज पेट घेण्याजोगं राहत नाही, आणि मग ओतून टाकायचं. शेवटी बूच घट्ट, शोषून घेणारा कागद गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद.
हे नियमातलं. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या वापरलेला स्टोव्ह सरळ नाकारतात. मला एका काउंटरवर, धुऊन सुकवून उन्हात ठेवलेली बाटली नुसत्या वासावरून काढून ठेवायला लावली आणि वर मंजुरीचा कागद बघायलाही नकार दिला. तिकीट काढण्याआधी लेखी विचारा, उत्तर छापून जवळ ठेवा, आणि साबणाच्या गरम पाण्याने वास जाईपर्यंत धुवा. बाटली गेली तर दुसरी मिळते, पंप आणि बर्नर मात्र वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

काजवा
स्पिरिटची वाटी एकदा पाण्याने धुतली की वासही राहत नाही. सहज सांगितलं. ;)

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. नकाशा घेऊन बसलो आणि जुना_पंप म्हणाले तसं शेवटच्या वस्तीपासून मागे आलो. पठारावरचा सगळ्यात लांब टप्पा नऊ-दहा दिवसांचा आहे, अलीकडे पेट्रोल पंप आहे, गॅसचा डबा कुठेच नाही. तेव्हा पेट्रोल आणि गॅस दोन्ही चालणारा नळीवाला स्टोव्ह घेतोय, एक लिटरची बाटली आणि वर सहाशे मिलीची एक. आधीचे दोन महिने वस्त्या जवळजवळ आहेत, तिथे गॅसवर भागवू. जोडीदाराला काजवाताईंचा स्टोव्ह फार आवडलाय, पण नऊ दिवसांचं स्पिरिट वाहायला ती तयार नाही.

तिरपा_चौक
खुणेपर्यंतच भरणार म्हणजे दोन्हींत मिळून दीड लिटरच्या आत. दहा दिवसांना नऊशे मिली, बर्फ वितळवायला लागला तर तेवढंच आणखी. वाटेत वाहतं पाणी असेल तर पुरेल, नाहीतर सहाशेच्या जागी दुसरी लिटरचीच घ्या.

पायवाट
दुसरी लिटरचीच घेतो. आणखी एक: स्टोव्ह मित्राचा वापरलेला मिळतोय. पंप मारला तर दांडा सैल जातो, दाब धरतच नाही. घ्यावा का?

जुना_पंप
घ्या. नव्वद टक्के वेळा दांड्याच्या टोकाचं चामड्याचं वायसर सुकलेलं असतं, दुसरं काही नाही. दांडा बाहेर काढा, चामड्यावर कुठल्याही तेलाचे दोन थेंब टाका, बोटांनी मळून मऊ करा आणि वाटीसारखं बाहेर फाकवा. परत घालताना कड आत दुमडू देऊ नका, जरा गोल फिरवत घाला. पंधरा-वीस पंपांत दांडा हाताला जड लागायला हवा. तरीही सैल गेला तर रिकाम्या बाटलीत पंप मारा, ती पाण्यात बुडवा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघून इथे लिहा.